वैतरणेत कोण बुडते?

सफाळे मागे पडले की मुंबईकडे जाणारी गाडी वैतरणेच्या पुलावर येते. पालघर-बोईसरचे चाकरमाने ही नदी दिवसातून दोनदा ओलांडतात. तारापूरच्या कारखान्यांना पाणी पुरवणारी सूर्या हिचीच उपनदी. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून अरबी समुद्राला मिळणाऱ्या या नदीचे आणि गरुडपुराणात पापी जिवाची वाट अडवणाऱ्या नदीचे नाव एकच. ओडिशातही एक वैतरणी आहे. नाव कुठून कुठे गेले हा आजचा वाद नव्हे. वाद आहे तो त्या दुसऱ्या, पू-रक्ताने भरलेल्या नदीविषयी.

बोईसरच्या एका घरी सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण वाचले जात होते. ओट्यावर बसलेले एक सुविद्य स्नेही मला म्हणाले, "नरक म्हणजे भित्र्यांना विकलेला माल. यात साहित्य कसले?" हे मत त्यांचे एकट्याचे नाही. शिकल्यासवरलेल्या मराठी माणसांत आज तेच रूढ आहे. म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे द्यावेसे वाटते.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. नरकाची वर्णने माणसाला घाबरवण्यासाठी रचली गेली. घाबरलेला माणूस दान देतो. वैतरणी तरायची तर गोदान करा, गाईचे शेपूट धरून पैलतीर गाठा. ही भीती गरिबाला गरिबीत आणि दुबळ्याला दास्यात ठेवते. साहित्य म्हणून पाहावे तर सगळी अतिशयोक्ती. नरक वाचायचाच असेल तर दान्ते वाचावा. आणि मृत्यूपुढे आमचे कवी मोक्षाच्या आडोशाला जाऊन बसतात.

या पक्षामागे मोठी परंपरा आहे. महात्मा फुल्यांनी 1869 साली 'ब्राह्मणांचे कसब' लिहून जन्मापासून मरणापर्यंतच्या दक्षिणेचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. तो हिशेब खरा होता. मृताच्या नावाने शोकाकुल घराकडून गाय उकळणे हा अन्यायच, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण व्यवहार एक आणि वाङ्मय दुसरे. भेसळीच्या दुकानावरून कोणी उसाच्या मळ्याची परीक्षा करतो काय?

नरकाचा अर्थ कळायचा असेल तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो. तिथे आहे कोण?

भागवताच्या पाचव्या स्कंधाचा सव्विसावा अध्याय काढा. अठ्ठावीस नरक आहेत. वैतरणी हा नरकाचा खंदक. त्यात कोण पडतो? गोदान चुकवलेला शेतकरी? नाही. पाखंडी नसूनही धर्माचे बांध फोडणारे राजे आणि राजपुरुष त्यात पडतात. राजपुरुष म्हणजे आजच्या भाषेत सरकारी अधिकारी. जलचर त्यांचे लचके तोडतात, पण प्राण जात नाही. आपण काय केले ते त्यांना आठवत राहते. निरपराध्याला दंड करणारा राजा किंवा त्याचा माणूस सूकरमुखात उसासारखा पिळला जातो. मिळालेले अन्न वाटून न घेता एकट्याने खाणारा किड्यांच्या डोहात किडा होतो. दुसऱ्याची वेदना आपल्याला कळत असूनही नेणत्या जिवांना छळणारा अंधकूपात जातो. धनाच्या गर्वाने सगळ्यांकडे संशयाने पाहणाऱ्या, पैसा राखता राखता सुकून गेलेल्या श्रीमंताच्या अंगात यमदूत विणकरासारखे दोरे ओवतात.

ही यादी गरिबाला भिववण्यासाठी केली असेल, तर यादी करणाऱ्याने फारच विचित्र माणसे निवडली.

न्यायासनासमोर माझ्या बाजूचे वैगुण्यही ठेवले पाहिजे. याच अध्यायात शूद्र स्त्रीशी संसार करणाऱ्याला नरक सांगितला आहे. ब्राह्मणाच्या देहदंडासाठी वेगळी तरतूद आहे. तो काळाचा आणि वर्णाचा मळ आहे, आणि तो मळच म्हणावा. पण त्यामुळे सत्तेविरुद्धचे आरोपपत्र खोटे ठरत नाही. मराठी वाचकापुरते एक दुर्दैव मात्र घडले. एकनाथांनी मराठीत आणला तो भागवताचा अकरावा स्कंध. नरकांचे प्रकरण पाचव्यात राहिले. परिणामी सामान्य घराला नरक ठाऊक झाला तो सुतकातल्या पोथीतून, दानाच्या यादीसकट.

आता खुद्द मराठीकडे. ज्ञानेश्वरी 1290 ची. सोळाव्या अध्यायात ज्ञानदेव तलवारीच्या पानांची झाडे, निखाऱ्यांचे डोंगर आणि उकळत्या तेलाचे समुद्र दाखवतात. हा नरक कोणासाठी? आज हे मिळवले, उद्या ते मिळवीन. या शत्रूला मारले, त्यालाही मारीन. यज्ञ करीन, दान देईन, चैन करीन, असे म्हणणाऱ्यासाठी. म्हणजे दानशूर म्हणून मिरवणारा श्रीमंत यजमानच नरकात! ज्याच्या दक्षिणेवर पुरोहिताचे घर चालते त्यालाच तिथे ढकलले आहे. हे वर्णन पुरोहिताच्या फायद्यासाठी आहे, असे कोणत्या तर्काने म्हणायचे? नरकाची दारेही सांगितली आहेत. काम, क्रोध, लोभ. गाईच्या शेपटाने यातले एकही बंद होत नाही.

नवव्या अध्यायात तर ज्ञानदेव त्याही पुढे जातात. स्वर्ग आणि नरक या दोन्ही त्यांच्या मते चोरवाटा. स्वर्गाला नेणारे पुण्यही पापाचाच प्रकार. कीर्तनाच्या नाचाने प्रायश्चित्तांचा धंदा बुडाला आहे, कोणाला आवरावे असा यमाला प्रश्न पडला आहे, काय खावे असे तीर्थे विचारीत आहेत, कारण औषधालाही दोष उरलेला नाही. फुल्यांच्या आधी जवळजवळ सहाशे वर्षे प्रायश्चित्ताला 'व्यवसाय' हा शब्द या मराठी कवीने लावला होता. भीतीच्या व्यापाराचा आरोप आपण कोणावर करतो आहोत?

तुकोबांनी पापाची व्याख्या परपीडेवर आणून ठेवली आणि मोक्षापेक्षा पुन्हा गर्भवास मागितला. जो माणूस जन्ममरणाचा फेराच मागून घेतो, त्याला कशाची भीती घालणार?

दान्तेविषयी मला अपार आदर आहे. त्याने पोप तिसऱ्या निकोलसला नरकात डोके खाली, पाय वर करून पुरले, तळपाय जाळले, आणि आठव्या बोनिफेसची जागा राखून ठेवली. धर्मपदे विकणाऱ्यांवरचा हा प्रहार आहे हे सारे जग मान्य करते. मग राजपुरुषांना वैतरणीत लोटणारा आमचा ग्रंथ भ्याडांचा कसा? एकाच कृतीला फ्लॉरेन्समध्ये धैर्य आणि आपल्याकडे धाक म्हणायचे, हा न्याय नव्हे.

अतिशयोक्तीचा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर याच पालघर जिल्ह्यात आहे. गोदावरी परुळेकरांचे वारल्यांविषयीचे पुस्तक 'जेव्हा माणूस जागा होतो' 1970 साली आले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबत राहणारा 'लग्नगडी', वेठ, मार, उपासमार, बायकांवरची जबरदस्ती हे सारे त्यात आहे. त्याविरुद्ध 1945 च्या मे महिन्यात झरीला वारली जमले. आता पुन्हा भागवत उघडा. पहिला नरक तामिस्र. दुसऱ्याचे धन, मुले, बायको हिरावणाऱ्यासाठी तो आहे. तिथे त्याला बांधतात, अन्नपाणी तोडतात, दंडुक्याने मारतात. जे त्याने केले, तेच त्याला. डहाणू-तलासरीच्या रानात हे जिवंत माणसांच्या वाट्याला आले होते. कवीने अतिशयोक्ती कुठे केली? त्याने फक्त माणसांच्या जागा बदलल्या.

राहिला मृत्यू. आळंदीला 1296 साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्याचे नामदेवांचे अभंग वाचा. नदीत माजवण घातल्यावर मासे तडफडतात, तसे लोक तडफडले असे ते सांगतात. जव्हार-मोखाड्याकडच्या ओढ्यांत झाडपाला कुटून मासे झिंगवताना ज्याने पाहिले आहे, त्याला ही उपमा अंगावर येईल. पांढरी पोटे वर, श्वासासाठी उघडी तोंडे. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू होते. आत्म्याचे अमरत्व त्यांनीच धाकट्या भावाला शिकवले होते. नामदेव त्यांना सावरलेले दाखवत नाहीत. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा तसा त्यांचा शोक फुटतो. मोक्षाचे सांत्वन द्यायला नामदेवांच्या हाती सगळी सामग्री होती. त्या ओळींत त्यांनी ती वापरली नाही.