उसाखालचं धरण

मियाकोजिमा या बेटावर पहिल्यांदा गेलो तेव्हा धरण बघायचं म्हणून सकाळीच बाहेर पडलो. नकाशावर होतं, रस्त्यावरच्या पाटीवर होतं, पण समोर मात्र नुसता ऊस! तिथल्या भूमिगत धरणाच्या संग्रहालयात शिरलो आणि काउंटरवरच्या बाईंना माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "धरण कुठे आहे हो?" त्यांनी हसून बोट खाली केलं. माझ्या पायाखाली!

मियाको हे ओकिनावा प्रांतातलं सपाट बेट, क्षेत्रफळ साधारण १५९ चौरस किलोमीटर. गंमत म्हणजे इथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका. तरीही बेट कोरडं. कारण जमीन प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीची, चाळणीसारखी सच्छिद्र. साधारण निम्मं पाणी वाफ होऊन जातं, चाळीस टक्के खाली झिरपतं, आणि नदी बनायला काही उरतच नाही. झिरपलेलं पाणी खालच्या चिखलदगडाच्या थरावरून घरंगळत गुपचूप समुद्रात जातं.

पूर्वी लोक काय करत? नैसर्गिक गुहांमध्ये पायऱ्या उतरून खाली झऱ्यापर्यंत जात. तोमोरी गावाजवळची अशी एक विहीर अजून बघायला मिळते, साधारण २० मीटर खोल. आपल्याकडच्या बारवेची आठवण होते, फक्त कोरीवकाम नाही. पाणी भरायचं काम बायकांचं आणि पोरांचं. (हेही ओळखीचंच!) १९६० च्या दशकात नळ आले आणि त्या पायऱ्या सुटल्या. पण नळ घरात आला, शेतात नाही.

मग आला १९७१ चा दुष्काळ. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच, ऊस उभा वाळला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेच्या ताब्यातलं ओकिनावा जपानला परत मिळालं आणि केंद्र सरकारचा पैसा व भूगर्भशास्त्रज्ञ इकडे आले. वर धरण बांधायचं तर दरी नाही, तळ गळका, आणि बुडवायला होती ती शेतंच. तेव्हा कल्पना निघाली की जमिनीखालच्या चिखलदगडात ज्या दऱ्या आहेत त्यांचंच तोंड बंद करायचं! म्हणजे दगडातल्या छिद्रांचाच तलाव, आणि त्याच्या डोक्यावर शेती सुरूच.

आधी प्रयोग म्हणून मिनाफुकु इथे १९७९ साली ५०० मीटर लांबीची छोटी भिंत झाली. जमिनीत भोकं पाडून त्यांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरलं. पाणी अडलं. मग मोठं काम निघालं. सुनागावा धरण १९९३ मध्ये आणि फुकुझातो १९९८ मध्ये पुरं झालं. सुनागावाची भिंत १६७७ मीटर लांब आणि ५० मीटर उंच, सगळी जमिनीखाली. शेजारी शेजारी तीन प्रचंड गिरमिटं असलेलं यंत्र दगड भरडत खाली जातं आणि त्याच जागी सिमेंट कालवत वर येतं. न दिसणाऱ्या भिंतीत एकही फट राहता कामा नये. सच्छिद्र दगडातला प्रवाह हा माझ्या पीएच.डी.चा विषय, त्यामुळे प्रयोगशाळेतली वीतभर नळकांडीसुद्धा कशी गळते हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तर तोंडात बोट घातलं.

दोन्ही मिळून साठा सुमारे २ कोटी घनमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात पाऊण टीएमसीसुद्धा नाही. कोयनेपुढे किस झाड की पत्ती! पण बेटावरच्या शेतीला तेवढ्याचाही मोठा आधार. पंपाने पाणी उंचावरच्या टाक्यांत चढवतात, तिथून उताराने शेतातल्या तुषार सिंचनाला. जादा झालं तर भिंतीवरून समुद्रात.

"आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न वडिलांनी फोनवर लगेच विचारलाच. आपल्याकडे भूमिगत बंधारे आहेत, पण ते छोटे, नाल्यातल्या वाळूत घातलेले. बेसॉल्टमध्ये मियाकोसारखी पोकळी नाही, त्यामुळे ही नक्कल तशीच्या तशी जमणार नाही.

आणि एक गोष्ट मात्र संग्रहालयातून बाहेर पडल्यावरही डोक्यातून जात नव्हती. बेटाचं पिण्याचं पाणीही याच चुनखडीतून येतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेकडे सरकू लागलं होतं. त्याचं मोठं कारण उसाला टाकलेलं खत. चाळणी पाण्याला जशी अडवत नाही तशी खतालाही नाही. मग खताचं प्रमाण कमी करणं, हळूहळू विरघळणारं खत वापरणं आणि भूजलाची सतत तपासणी सुरू झाली. निघताना पाहिलं, एक म्हातारे शेतकरी उसाच्या सरीत खत टाकत होते, अगदी मोजून, मुठीमुठीने.