विश्रामबागेंतील पाठशाळा : पट आणि विद्या

पुण्याच्या संस्कृत पाठशाळेवर सरकारी पैसा व्यर्थ गेला, असा निकाल बहुधा एका वाक्यांत दिला जातो. तो मला घाईचा वाटतो.

सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं चालविली. 1818 मध्यें पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें ती सालीना 50,000 रुपयांवर आणिली. त्याच्या मागून आलेला कमिशनर चॅप्लिन, ज्याच्या अखत्यारींत आमचा खानदेशही होता, यानें 6 ऑक्टोबर 1821 रोजीं विश्रामबागवाड्यांत ही पाठशाळा स्थापिली. न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक, वेद अशा शाखा. विद्यार्थी सुमारें 100. वार्षिक खर्च सुमारें 15 हजार. म्हणजे दर विद्यार्थ्यामागें दीडशें रुपये, व त्यांत शास्त्र्यांचें वेतन आणि विद्यार्थ्यांची वृत्ति दोन्हीं आलीं.

येथेंच आंकडा फसवितो. जेथें बसण्याबद्दलच वृत्ति मिळते, तेथें पट भरलेला असावयाचाच. त्यावरून विद्येची ओढ मोजतां येत नाहीं. (मी धानोऱ्याच्या आसपास आयुष्यभर मास्तरकी केली. पेरणीच्या दिवसांत पटावर पन्नास नांवें आणि बांकांवर पंधरा मुलें, हें मला नवें नाहीं.) उलट, शास्त्राच्या पाठास चारच शिष्य असले म्हणून तो वर्ग मोडका ठरत नाहीं. शेखर किंवा गादाधरी लावून घेणारे शिष्य काशींतही थोडेच असत. इंग्रज अधिकाऱ्यांनीं मात्र मोजावयास माप घेतलें तें शाळेच्या वर्गाचें.

पाठशाळा मोडून टाकावी, असाही विचार सरकारांत झाला होता. ती वांचली, पण बदलून. 1837 मध्यें मेजर कँडी देखरेखीस आला; कांहीं जुन्या शाखा गळाल्या, देशभाषा व इंग्रजी आंत आली. 1851 मध्यें ती इंग्रजी शाळेशीं जोडली जाऊन पूना कॉलेज झालें, व 1864 मध्यें त्यास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. तेंही कॉलेज सरकारनें 1934 मध्यें बंद केलें. 1939 मध्यें तें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें. वर्ग आटोपशीर, पण कोशाचें प्रचंड काम तेथूनच उभें राहिलें.

आतां फळ पाहूं. ज्या पाठशाळेस निष्फळ म्हणतात, तींतच मोरशास्त्री साठे यांजपाशीं कृष्णशास्त्री चिपळूणकर शिकले. एका उदाहरणानें शंभरांचा हिशेब पुरा होत नाहीं, हें मान्य. बाकीच्यांचें काय झालें, हें सरकारी पत्रव्यवहार सांगणार नाहीं. तें शास्त्रीघराण्यांच्या दप्तरांत शोधिलें पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं शके 1743 ते 1773 या काळांतील, पुष्पिकेंत विश्रामबाग किंवा पाठशाळा असा उल्लेख असलेली पोथी असेल, त्यांनीं त्या पुष्पिकेची अक्षरशः नक्कल, अशुद्धें न सुधारतां, मंडळाकडे पाठवावी.