रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामीण लोकसंख्या

बहुतांशी ग्रामीण असलेल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ इतकीच भरली. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या मात्र ११२२, म्हणजे राज्यात सर्वाधिक होती. हे प्रमाण समाधानकारक वाटले, तरी त्याचे प्रमुख कारण पुरुषांचे मुंबईकडे होणारे स्थलांतर हे आहे. चाकरमानी गणपतीला व शिमग्याला गावी येतो. शिरगणती झाली ती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात. साहजिकच त्याची नोंद शहरात झाली. गावी शेतीचा व वृद्धांच्या शुश्रूषेचा भार स्त्रियांवर पडतो. ग्रामविकासाच्या योजना आखताना गावात माणसे किती, याबरोबरच मागे कोण राहिले आहे, हेही पाहणे अगत्याचे ठरते.