हिरवी डहाळी, पांढरा कागद

अमेरिकेतील राजकीय दुफळीचे मूळ शोधू पाहणाऱ्याने प्रथम १७८६ सालच्या मॅसॅच्युसेट्स राज्याकडे वळावे. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांच्या हाती वेतनापोटी जे सरकारी रोखे पडले, ते त्यांपैकी अनेकांनी पोटाची खळगी भरण्यासाठी मातीमोलाने विकले. आणि पुढे त्याच रोख्यांचे पैसे खरीददार धनिकांच्या पदरात घालण्यासाठी सरकारने जो कर बसविला, तो रोख नाण्यांत भरण्याची सक्ती, ज्यांच्या घरी नाणे क्वचितच दिसे अशा शेतकऱ्यांवर आली. गुरे व जमिनी जप्तीत गेल्या, ऋणको तुरुंगात.

पुढे या शेतकऱ्यांच्या बंडाचा म्होरक्या ठरलेला डॅनियल शेज हा स्वातंत्र्ययुद्धात लढलेला असाच एक माजी कप्तान. फ्रेंच सेनानी लाफायेतने नजर केलेली तलवारही त्याने विकून टाकली होती. कर्जाचे खटले चालू नयेत म्हणून २९ ऑगस्टला नॉर्थॅम्प्टनचे न्यायालय बंद पाडण्यात आले आणि बंड पसरत गेले. बंडखोर टोपीत सदाहरित वृक्षाची डहाळी खोवीत, सरकारपक्षीय पांढरा कागद. एकाच युद्धात लढलेल्यांची ओळख आता टोपीवरून पटवावी लागली! खजिना रिता असल्याने गव्हर्नर बोडिन यांनी फौज उभारली तीही बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर, आणि माझ्या मते बंडखोरांच्या तक्रारीला याहून सबळ पुरावा खुद्द त्यांनाही देता आला नसता.

२५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे तोफेने चार माणसे मारली. पुढे बंड मोडले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी बोडिन यांना घरी बसविले.