गटारांचा इतिहास आणि गाळाचा शोध

राजांच्या लढायांना बखरकार मिळतात, शहरांच्या गटारांना मिळत नाहींत. यांत नवल कांहीं नाहीं. तरवारीच्या खणखणाटांत जो रस आहे तो मैलापाण्याच्या वर्णनांत कोठून यावा? तथापि एखाद्या समाजानें आपली घाण कोठें व कशी नेऊन टाकली हें पाहिलें असतां त्याच्या दूरदृष्टीचें, आणि शेजारधर्माचेंहि, जितकें बिनचूक माप मिळतें, तितकें त्याच्या जयस्तंभांवरून मिळत नाहीं. या दृष्टीनें इंग्लंडचा गेल्या दोन शतकांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मैलापाणी शुद्ध करण्याची जी पद्धति आज जगभर रूढ आहे, तिचा जन्म त्याच देशांत झाला. आणि तो होण्यापूर्वीं त्या देशानें बहुतेक सर्व चुका करून पाहिल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनमधील मैला घराघरांखालच्या खड्ड्यांत सांठत असे. दुर्गंधि हेंच रोगाचें मूळ, अशी त्या काळच्या शहाण्यांची समजूत होती. एडविन चॅडविक याचा १८४२ सालचा प्रसिद्ध अहवाल याच समजुतीवर उभा होता. घाण घरांतून निघाली कीं रोगहि निघाला, असें ठरल्यावर खड्डे गटारांना जोडले गेले व गटारें टेम्स नदीस मिळालीं. घरें स्वच्छ झालीं खरीं. परंतु ज्या नदींत मैला गेला तिचेंच पाणी पुष्कळ नागरिक पीत होते! १८४८-४९ च्या पटकीनें लंडनांत सुमारें १४,००० माणसें नेलीं. पटकी हवेंतून नव्हे तर पाण्यांतून पसरते, हें जॉन स्नो या डॉक्टरानें १८५४ सालीं एका पंपाभोंवतालचे मृत्यु मोजून दाखविलें. परंतु त्याचें म्हणणें मान्य करण्यास तत्कालीन विद्वान तयार नव्हते.

जें आंकड्यांनीं झालें नाहीं तें नाकानें झालें. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्सला अशी घाण सुटली कीं, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुनखडीच्या क्षारांत भिजवूनहि सभासदांना बसवेना. मग मात्र कायदा भराभर मंजूर झाला, व जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें नदीच्या दोन्ही कांठांनीं ८२ मैल लांबीच्या मुख्य मलवाहिन्या बांधून सारें मैलापाणी शहराच्या पूर्वेस बार्किंग व क्रॉसनेस येथें नेऊन सोडलें. १८६६ सालीं पटकी पुन्हां आली तेव्हां तिचा मुख्य तडाखा पूर्वेकडील ज्या भागांत हें काम पुरें झालें नव्हतें त्यालाच बसला. बॅझलजेटच्या कर्तबगारीस याहून मोठी साक्ष नको. टेम्सच्या कांठीं त्याचें जें स्मारक आहे त्यावर लॅटिन भाषेंत कोरलें आहे, “त्यानें नदीला बेड्या घातल्या.”

परंतु बेड्या घालणें निराळें आणि शुद्ध करणें निराळें. घाण नाहींशी झाली नव्हती. ती खालच्या गांवांच्या दारांत गेली होती. १८७८ च्या सप्टेंबरांत ‘प्रिन्सेस ॲलिस’ नांवाची उतारूंनीं भरलेली आगबोट याच भागांत टक्कर होऊन बुडाली व ६०० हून अधिक माणसें मैलापाण्यानें काळ्या झालेल्या प्रवाहांत मरण पावलीं. त्यानंतर गाळ वेगळा काढण्याचें ठरलें; पण तो काढून करावयाचें काय? १८८७ पासून तो जहाजांत भरून समुद्रांत लोटूं लागले, आणि ही चाल १९९८ पर्यंत टिकली. घरांतून रस्त्यांत, रस्त्यांतून नदींत, नदींतून समुद्रांत! प्रत्येक पिढीनें घाण पुढच्या दारीं सारली आणि त्यालाच सुधारणा म्हटलें.

या सर्व काळांत प्रश्न एकच विचारला जात होता: घाण टाकावी कोठें? घाणीचें होतें काय, हा प्रश्न विचारणारे लोक निराळे होते. १८७० च्या सुमारास एडवर्ड फ्रँकलंड या रसायनज्ञानें मैलापाणी मातीच्या थरांतून थांबूनथांबून झिरपविलें, तेव्हां तें शुद्ध होऊन बाहेर पडलें. ही करणी सूक्ष्म जंतूंची आहे, हें १८७७ सालीं श्लेझिंग व म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. त्या काळांत जंतु म्हणजे केवळ मृत्यूचे दूत, असें लोक नुकतेंच शिकत होते. त्यांना मारण्याऐवजीं कामास लावावें, हें लंडनचा रसायनज्ञ विल्यम डिबडिन सांगूं लागला तेव्हां तें अनेकांना विपरीत वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. १८९५ च्या सुमारास एक्झेटर येथें डोनाल्ड कॅमेरॉन यानें बंद टाकींत मैला कुजवून तेथें निघणारा जळाऊ वायु उपयोगांत आणला.

हा विचार आपल्या मुंबईसहि लवकरच पोंचला. १८९७ सालीं माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत अशाच टाकींतला वायु धरून वापरला गेला. आश्रमाचे संस्थापक म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ हे मराठी वाचकांस परके नाहींत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे गृहस्थ ते हेच.

खरा शोध लागला तो मात्र मँचेस्टरजवळ डेव्हीह्यूम येथें. डॉ. गिल्बर्ट फाउलर यांनीं १९१२ सालीं अमेरिकेंतील लॉरेन्स येथले प्रयोग पाहिले व परत येऊन एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांस त्या दिशेनें काम करण्यास सुचविलें. त्यांनीं बाटलींत मैलापाणी भरून त्यांत सतत हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध होण्यास सुमारें पांच आठवडे लागले. आणि इतका वेळ कोणत्या शहरास परवडणार? परंतु या दोघांनीं एक साधी गोष्ट केली. वरचें निर्मळ पाणी ओतून दिलें, तळाचा गाळ तसाच ठेवला, आणि त्यावर नवें मैलापाणी घातलें. प्रत्येक खेपेस वेळ कमी होत गेला, व शेवटीं पांच आठवड्यांचें काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. जो गाळ निरुपयोगी म्हणून फेंकला जात होता, त्यांतच काम करणाऱ्या जंतूंची सारी फौज होती! विरजणाचा थेंब राखून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींना यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. हा ‘सक्रिय गाळा’चा निबंध ३ एप्रिल १९१४ रोजीं मँचेस्टर येथें वाचला गेला. पुढें चार महिन्यांनीं महायुद्ध पेटलें, आणि जगाचें लक्ष दुसरीकडे गेलें.

शोधाबरोबर मापहि लागतें. तें १८९८ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९१२ सालीं घालून दिलें. नदींत सोडावयाच्या पाण्याच्या दर लक्ष भागांत तरंगता गाळ तीन भागांहून अधिक नसावा, व पांच दिवसांत तें पाणी जो प्राणवायु शोषील तो दोन भागांहून अधिक नसावा. आणि नदीचें पाणी निदान आठपट असावें. म्हणजे विद्याहि होती, मापहि होतें. तरी १९५७ सालीं टेम्स नदीचा लंडनजवळील भाग जीवशास्त्रज्ञांच्या मतें मृतच ठरला होता! शुद्धीकरणाचीं कामें पुढें वाढविलीं, तेव्हां कोठें १९७४ सालीं सामन मासा त्या नदींत पुन्हां दिसला. मधलीं साठ वर्षें गेलीं तीं ज्ञानाच्या अभावीं नव्हे, खर्च करण्याच्या इच्छेच्या अभावीं. आणि प्रश्न तेथेंहि पुरता सुटलेला नाहीं. जोराच्या पावसांत जुन्या गटारांतून नदींत उतूं जाणारें पाणी अडविण्यासाठीं लंडनला २५ किलोमीटरांचा नवा बोगदा खणावा लागला. त्याचीं जोडकामें २०२५ सालीं पुरीं झालीं.

हा इतिहास आपल्याला परका नाहीं. स्वतः डॉ. फाउलर १९१६ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापक म्हणून आले; म्हणजे ही विद्या तिच्या बाल्यावस्थेंतच आपल्या दारीं आली होती. असें असतां केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणें भारतांतील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होतें. तें शुद्ध करण्यासाठीं उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ होती. आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें २०,२३६ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आंकड्यांतील अंतर गरिबीचें म्हणतां येईल. दुसऱ्या व तिसऱ्या आंकड्यांतील अंतराला मात्र गरिबीचा आडोसा पुरत नाहीं. कारण तीं केंद्रें बांधून झालेलीं होतीं.

पूल एकदां बांधला कीं तो उभा राहतो. बांधणाऱ्याचें नांव कोनशिलेवर राहतें. शुद्धीकरण केंद्राचें तसें नाहीं. तें गोठ्यासारखें आहे. गाळांतल्या जंतूंना रोज हवा, रोज अन्न व रोज देखरेख लागते. वीज कांहीं काळ बंद पडली कीं ते गुदमरतात, आणि सिमेंटच्या टाक्या तेवढ्या उरतात. आपण बॅझलजेटचा धडा उत्साहानें गिरविला, आर्डर्न आणि लॉकेट यांचा अर्धवट सोडला. घाण आपल्या उंबरठ्याबाहेर गेली एवढ्यानें स्वच्छता संपत नाहीं, कारण नदीच्या खालच्या अंगालाहि कोणाचा तरी उंबरठा असतोच.