गळ, आमिष आणि आपल्या नद्या

कर्जत व खालापूर तालुक्यांतील नदीकाठच्या घरांतून मुलास पोहणे जसे शिकवीत, तसेच गळ टाकणेही शिकवीत. या शिक्षणास मोठी परंपरा आहे, हे आपल्या तरुण मंडळींस बहुधा ठाऊक नसते.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा कोठे राहतो, त्यास काय रुचते, चारा घालून त्यास एका जागी कसे जमवावे आणि मग गळास कसे लावावे, याचे त्यात विवेचन आहे. ग्रंथ राजाचा खरा. परंतु हे ज्ञान मुळात नदीकाठच्या माणसांचेच असले पाहिजे, असे मला वाटते.

कारण हाच पाठ माझ्या काकांनी मला दिला, आणि त्यांनी संस्कृत कधी वाचले नव्हते. सरळ, लवचिक बांबूची काठी. तिच्याइतक्याच लांबीचा तंगूस. मोरपिसाच्या देठाचा तरंग. गळाच्या वीतभर वर शिशाचा बारीक तुकडा. मोरीजवळच्या ओल्या मातीतील गांडूळ असे ओवावयाचे की गळाचे टोक दिसू नये. खवलीसाठी लहान गळ व पेंड घालून मळलेली कणीक. शिंगटीसाठी गांडूळ, तेही तळाशी. मरळेसाठी मोठा गळ आणि जिवंत लहान मासा. आपली सावली पाण्यावर पडू द्यावयाची नाही. तरंग हलला की मी झटका देई. काका म्हणत, “अरे, थांब! त्याला गिळू दे.” ही घाई जाण्यास मला दोन उन्हाळे लागले.

उन्हाळ्यात नदीस पाणी असे, यालाही इतिहास आहे. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहातून 1915 पासून पाताळगंगेत आणि भिवपुरीच्या वीजगृहातून 1922 पासून पेज नदीमार्गे उल्हासेत येऊ लागले. एरवी चैत्रात डोहापुरत्या उरणाऱ्या या नद्या वाहत्या राहिल्या. त्याच घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात खडस माशाची पैदास सुरू केली. कर्नल साइक्स याने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील ज्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, तोच हा.

एकीकडे हे जतन, तर दुसरीकडे संहार. माझ्या लहानपणी एका वैशाखात कोणी तरी वरच्या डोहात विष कालविले. सकाळी बोटाएवढी पिलेदेखील पांढरी पोटे वर करून तरंगत होती. पुढे दोन वर्षे त्या डोहात आमचा तरंग हलला नाही. वास्तविक विष व सुरुंग यांनी मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. वलगणीच्या वेळी अंड्यांनी भरलेले मासे टोपल्या भरभरून आणणे मलाही योग्य वाटत नाही. मग आपल्याच माणसांस राग येवो.

अलीकडे गळास बहुधा चिलापी लागते. हा आफ्रिकेतील मासा 1952 मध्ये भारतात आणिला गेला. शिकाऊ मुलास तो सहज मिळतो. गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने शहरातून आणलेल्या काठीने पहिली चिलापी धरली. गांडूळ मात्र त्याने आमच्या मोरीजवळूनच खणून काढले होते.