दंड कोणाला?

बडोद्याच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण सहसा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या औदार्यापासून आरंभ करतो. मला तो सरकारच्या उत्तरदायित्वाच्या बाजूने पाहावासा वाटतो. १८९३ मध्ये महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ मध्ये कायद्याने ते साऱ्या संस्थानास लागू केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. शाळेत गेलेल्या मुलास वाचता आले नाही, तर मात्र दंड कोणालाच नव्हता.

त्या कायद्यातच एक तफावत होती. मुलग्यांना सक्ती वयाच्या सात ते बारा वर्षांपर्यंत, मुलींना सात ते दहा. मुलींना सक्ती करणे हेच त्या काळी धाडस होते, हे मान्य. तरी त्यांची दोन वर्षे सरकारनेच वजा केली होती.

अंत्यज शाळांची (हा त्या वेळचा सरकारी शब्द) हकीकत निराळी आहे. १८८० च्या दशकातच त्या निघाल्या, परंतु सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवावयास तयार होईनात. मुसलमान व आर्यसमाजी शिक्षकांवर काम भागवावे लागले. शाळा उघडली, पुढचे ज्याचे त्याने पाहावे, असे म्हणून दरबारास हात झटकता आले असते. त्याऐवजी पंजाबातून पंडित आत्माराम यांना बोलावून हे काम सोपविले, वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. मूल मागे का राहते, याचा शोध येथे सरकारने स्वतःच्या व्यवस्थेत घेतला.

ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी १९११ मध्ये बडोद्याचा दाखला देत सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ‘सक्ती’ या शब्दाचा रोखच फिरविला. मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता ही आता सरकारची बांधिलकी ठरली. दुर्बल घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ न देणे हीही. पण २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण मुलास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांस मिळाली. तत्पूर्वी जादा शिकवणी आणि दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा यांची तरतूद आहे. तीतही जमले नाही, तर वर्ष मुलाचे जाते.